मागचे ड्रम तापतात: जुन्या पिकअपच्या ब्रेकच्या नोंदी

गाडी: एक टनी पिकअप, २००९ चं मॉडेल. पुढे डिस्क, मागे ड्रम, पेडलचा जोर वाढवणारा व्हॅक्यूम बूस्टर. मीटर १,८६,४००. काम म्हणजे कूलरच्या बॉड्या, स्टँड आणि ग्रिल पोचवणं, लग्नसराईत कुणाचं सामानही. हिंगणा एमआयडीसीच्या बाजूला आमचं फॅब्रिकेशनचं शेड आहे. गाडी तिथेच उभी राहते आणि जमेल तितकी तिथेच दुरुस्त होते. वहीतल्या नोंदी आहेत तशा उतरवतो आहे, फक्त शिव्या गाळल्यात.

२९ मार्च, शनिवार

सावनेरला कूलर उतरवून रिकामी परत येत होतो. कोराडीच्या अलीकडे गाडी जड झाली. एक्सिलरेटर सोडला की आधी कितीतरी लांब सरकत जायची, आता लगेच बसायला लागली. मग वास आला. लायनर म्हणजे ड्रमला आतून घासून चाक थांबवणारा थर; जळक्या लायनरचा वास एकदा नाकात बसला की क्लचच्या वासाशी त्याची गल्लत होत नाही.

टपरीपाशी बाजूला घेतली. डाव्या मागच्या रिमजवळ हात नेला, टेकवायची हिंमत झाली नाही. टपरीवरचा पोरगा मदतीला म्हणून पाण्याची बादली घेऊन धावला, त्याला हातानेच अडवलं. ड्रम बिडाचा (ओतीव लोखंडाचा) असतो. बीड तापलेलं असताना त्यावर गार पाणी पडलं तर ते तडकतं, आणि तो तडा बाहेरून दिसेलच असं नाही. ड्रम तसाच सावलीत गार होऊ दिला. अर्ध्या तासाने गाडी एकदम मोकळी. शेडपर्यंत काही म्हणजे काही त्रास नाही.

दिवाळीच्या आधी हीच तक्रार घेऊन एका गॅरेजमध्ये गेलो होतो. मागचे चारही लायनर नवे टाकून दिले, बिल दिलं, गाडी महिनाभर बरी चालली. लायनर आता निम्मेही झिजलेले नसणार. म्हणजे तेव्हा जे बदललं ते दुखणं नव्हतंच.

३० मार्च, रविवार

गुढीपाडवा. सकाळी नऊलाच दोन गिऱ्हाइकं कूलर बघायला उभी. गाडीला हात लावला नाही. पोचवण्यासाठी भाड्याचा छोटा टेम्पो लावला. तोही सीझनमध्ये तोंडाला येईल तो भाव सांगतो.

१ एप्रिल, मंगळवार

मोजल्याशिवाय काही खोलायचं नाही, हे ठरवून टाकलं. कूलरच्या मोटरी तपासायला आणलेली इन्फ्रारेड गन घेतली. आऊटर रिंग रोडवर सकाळी लवकर, गाडी रिकामी, ब्रेक लागेल तेवढाच. शेवटी गिअर उतरवत थांबवली आणि उतरल्या उतरल्या मोजलं.

डावा मागचा ड्रम १७४ अंश. उजवा मागचा १२६. पुढच्या डिस्क ५८ आणि ६१. मागच्या दोन्ही हबची (चाकाच्या मधल्या, बेअरिंगच्या भागाची) तोंडं ७० च्या आत.

गन कुठे रोखता यावर आकडा ठरतो. चकचकीत धातूवर ती आहे त्यापेक्षा बरंच कमी दाखवते, म्हणून डिस्कचा घासून चमकणारा पट्टा सोडून मधला गंजका भाग धरला, आणि ड्रमची कडा रिमच्या भोकातून धरली. दोन्हीकडे गंज, म्हणजे तुलना बरोबरीची.

या आकड्यांतून काय कळतं ते लिहून ठेवतो. बेअरिंग जळत असतं तर हबचं तोंड आधी तापलं असतं. इथे ड्रमची कडा गरम आणि हब त्या मानाने गार, म्हणजे उष्णता घासण्याची आहे. पुढची चाकं थंड आहेत. या गाडीत मास्टर सिलिंडरमधून, म्हणजे पेडल दाबलं की ब्रेकच्या तेलाला दाब देणाऱ्या भागातून, पुढच्या आणि मागच्या तेलाची लाइन वेगळी निघते. बूस्टरचा दांडा लांब होऊन पिस्टन पुरता मागे येत नसता, तर पुढच्यांनीही पकडलं असतं. म्हणजे पेडलकडच्या बाजूचा संशय कमी झाला. दोन्ही मागची चाकं तापतात, पण सारखी तापत नाहीत. डाव्याला काहीतरी जास्तीचं आहे.

रात्री जेवल्यावर हिशेब मांडला. ब्रेकचा ओढा चाकाशी फक्त पाच किलोचा धरला, म्हणजे साधारण ५० न्यूटन. ताशी ५० किमी म्हणजे सेकंदाला १४ मीटर. गुणाकार ७०० वॅटच्या आसपास येतो. ड्रमच्या आत एक इस्त्री चालू करून दार लावून घेतल्यासारखं झालं. पाच किलोचा ओढा ड्रायव्हरला जाणवतही नाही. गाडी थोडी आळसावली एवढंच वाटतं आणि आपण दोष डिझेलला देतो.

३ एप्रिल, गुरुवार

संध्याकाळी वस्ताद आले. एसटीच्या हिंगणा कार्यशाळेतून निवृत्त. आता शेडमागेच राहतात आणि चहाच्या बदल्यात सल्ला देतात. पुढच्या चाकांना गुटके लावले, मागून जॅक दिला, खाली घोड्या (लोखंडी आधार) ठेवल्या. दोन्ही चाकं हाताने फिरवली तर छान गरगर फिरली. आमचा हेल्पर म्हणाला, काहीच तर नाही.

वस्ताद हसले. "थंडी गाडी साऱ्याइले मोकळीच दिसते. गॅरेजवालाही असाच फिरवून पायते न् लायनर बदलून देते. ब्रेक मार दहा-बारा दणके, मंग फिरव."

इंजिन चालू ठेवून हेल्परने पेडल दाबून सोडलं, दाबून सोडलं. मग उजवं चाक फिरवलं. हाताला जोर लावावा लागला, अर्ध्या फेऱ्यात थांबलं. डावं दोन्ही हातांनीही जेमतेम. चहा होईपर्यंत थांबलो आणि परत फिरवून पाहिलं, तर उजवं पुन्हा गरगर. डावं सुटलं, पण पूर्ण नाही.

वस्तादांनी प्रश्न एका वाक्यात बसवला: "तापते कोण ते पाहू नको, धरते कोण ते पाय. तेल धरते का लोखंड?"

तेल धरणं म्हणजे पेडल सोडल्यावरही पाइपात दाब अडकून राहणं. लोखंड धरणं म्हणजे दाब गेला तरी शू (लायनर ज्यावर बसतो ती लोखंडी कमान) परत न येणं: स्प्रिंग, हँडब्रेक, गंज यांपैकी काहीतरी. दोन्हींत चाक सारखंच तापतं, वास सारखाच येतो. इलाज मात्र पूर्ण वेगळे. लायनरचा या दोन्हींशी संबंध नाही, बिचारा मधल्या मध्ये जळतो.

६ एप्रिल, रविवार

रामनवमी. पोद्दारेश्वर राम मंदिराची शोभायात्रा असल्यामुळे गावातले रस्ते सगळे तिकडे लागलेले, गिऱ्हाईक नाही. निवांत मिळाला.

आज तेल की लोखंड याचा निकाल लावायचा होता. गाडी घोड्यांवर, इंजिन चालू, दणके मारले, उजवं चाक जाम झालं याची खात्री केली. ७०० वॅटच्या हिशेबातला ओढा हाताला कसा लागतो तेही समजलं: टायरच्या कडेला धरून ढकलावं लागतं, सोडलं की तिथेच थांबतं. आता उजव्या व्हील सिलिंडरचा (चाकात तेलाच्या दाबाने शू बाहेर ढकलतो तो) हवा काढायचा निपल. त्यावर पारदर्शक नळी चढवली, दुसरं टोक बाटलीत. पाना पाव फेरा फिरवला.

पेडलवर कुणाचाही पाय नसताना तेलाची चिळकांडी नळीतून बाटलीपर्यंत गेली. नुसतं गुरुत्वाने येणारं तेल थेंब थेंब येतं, हे तसं नव्हतं. त्याच क्षणी हेल्परच्या हातातलं चाक सुटलं. तो दचकलाच.

म्हणजे उजवीकडे तेल धरतंय. निपल बंद केला.

आता तेल कुठे अडकतं? चॅसीवरून लोखंडी पाइप मागे येतो, तिथून मागच्या अॅक्सलच्या हाऊजिंगपर्यंत एकच रबरी होज. हाऊजिंगवरच्या टीमधून दोन लोखंडी पाइप डाव्या-उजव्या चाकाला जातात. होजच्या आधी, चॅसीवर, लोडप्रमाणे मागचा दाब कमीजास्त करणारा व्हॉल्व्ह. पुन्हा दणके मारून चाक जाम केलं आणि या वेळी निपलऐवजी व्हॉल्व्ह आणि होज यांच्यामधला पाइपाचा नट सैल केला. थोडं तेल पाझरलं. चाक सुटलं नाही. नट आवळला, निपल खोलला: चिळकांडी, आणि चाक मोकळं.

अडकलेला दाब त्या नटाच्या आणि निपलच्या मध्ये कुठेतरी बसतो. लोखंडी पाइप एका दिशेने जाऊ देतो आणि दुसऱ्या दिशेने अडवतो असं होत नाही. मध्ये उरला तो होज.

जुन्या होजचं आतलं अस्तर फुगतं, सुटतं, आणि एका बाजूने झडप होऊन बसतं. पाय मारला की शेकडो किलोच्या दाबाने तेल त्या झडपेला ढकलून पुढे जातं. पाय काढला की मागे ढकलायला फक्त शूच्या रिटर्न स्प्रिंगा असतात. त्यांच्या जोराने तेल हळूहळू झिरपत परत येतं, आणि तोवर लायनर ड्रमला चिकटून राहतो. त्यातही ज्या शूला ड्रमचं फिरणं आत ओढून घेतं तो शू थोड्याशा दाबानेही जास्त जोराने धरतो. टपरीवर अर्ध्या तासात गाडी मोकळी झाली, गॅरेजला पोचेपर्यंत चाक गरगर फिरायला लागायचं, त्याचं कारण हे.

मागे एकच होज, म्हणून दोन्ही चाकं. हे जुळलं. डाव्याचं जास्तीचं अजून बाकी.

८ एप्रिल, मंगळवार

नवा होज आणला. लांबी आणि दोन्ही टोकांचे आटे जुन्याशी जुळवून घेतले. दुकानदार "चालून जाईल" म्हणत थोडा आखूड देत होता. आखूड होज रिकाम्या गाडीत ताणला जातो: हाऊजिंग खाली लोंबकळलं की पूर्ण ताण होजवर. घेतला नाही.

जुना होज धारदार कटरने उभा चिरला. बाहेरून रबर ठीक, एक-दोन बारीक भेगा. आतून काळं अस्तर फुगून मधलं भोक सुईएवढं उरलेलं, आणि एका ठिकाणी अस्तराची पातळ चामडी सुटून आडवी आलेली. बोटाने दाबली की एका बाजूला पडते, सोडली की परत भोकावर येते. हेल्परने मोबाइलवर फोटो काढून ठेवला. गॅरेजवाल्याला पाठवू का म्हणाला. म्हटलं राहू दे.

आणखी एक खात्री हवी होती. कुणी चुकून ब्रेकच्या तेलात इंजिन ऑइल किंवा पॉवर स्टिअरिंगचं तेल ओतलं असतं, तर होजच काय, मास्टर आणि चारही सिलिंडरची वायसरं (रबरी सील) फुगली असती आणि सगळंच बदलावं लागलं असतं. जुनं तेल काचेच्या ग्लासातल्या पाण्यात टाकून पाहिलं. ढवळल्यावर पूर्ण विरघळलं, वर तवंग नाही. ब्रेक ऑइल पाण्यात मिसळतं, खनिज तेल तरंगतं. सुटलो.

तेल मात्र चहासारखं तांबडं-काळं. हे तेल हवेतला ओलावा ओढून घेतं. डॉट ३ या दर्जाच्या ब्रेक ऑइलचा कोरा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश असतो, ओलावा शिरल्यावर तो १४० पर्यंत उतरतो. डॉट ४ चे हेच आकडे २३० आणि १५५. डावा ड्रम १७४ वर होता. सिलिंडर ड्रमइतका तापत नाही, पण घाटात त्याला १४० गाठायला वेळ लागला नसता. तेलाची वाफ झाली की पेडल तळाला जातं. मास्टरच्या झाकणावर डॉट ४ लिहिलंय, तेच पूर्ण नवं भरलं. हवा काढायला सुरुवात मास्टरपासून सर्वांत लांबच्या चाकापासून केली: आपल्या गाड्यांत मागचं डावं.

बॉनेटवर एक थेंब सांडला तो लगेच पाण्याने धुतला. नाहीतर रंग गेला असता.

१० एप्रिल, गुरुवार

तोच रस्ता, तीच वेळ. उजवा मागचा ५६. डावा ११८.

वस्तादांना फोन केला. "मंग डाव्यात लोखंड हाय," एवढंच म्हणाले आणि ठेवला.

१३ एप्रिल, रविवार

डावा ड्रम निघेना. झिजलेल्या ड्रमच्या आत काठाला कडा उरते आणि शू त्याला अडकतात. हातोडीने ठोकून बॅकप्लेट (ड्रममागची, शू बसतात ती प्लेट) वाकवायची नाही. बॅकप्लेटच्या मागे रबरी झाकणाखाली फट असते, तिथून पेचकसाने अड्जस्टरचं (शू आणि ड्रममधलं अंतर कमीजास्त करतो त्याचं) दातेरी चाक मागे फिरवलं. मग ड्रमला दिलेल्या दोन आट्यांच्या भोकांत बोल्ट आळीपाळीने आवळत गेलो. टक्क आवाज करून ड्रम सुटला.

धूळ फुंकायची नाही, कॉम्प्रेसर तर लावायचाच नाही. जुन्या लायनरमध्ये अॅस्बेस्टॉस असण्याची शक्यता असते आणि नव्याची धूळही फुप्फुसाला चांगली नाही. पाणी मारून ओली करून फडक्याने पुसली, फडकं पिशवीत बांधून टाकलं. तोंडाला मास्क. वस्ताद मास्कला हसले, पण दोन हात मागे उभे राहिले.

आत पाहिलं ते असं. दोन्ही लायनर काचेसारखे चकाकलेले. ड्रमच्या आत निळे डाग. रिटर्न स्प्रिंगांचा रंग जळून गेलेला, आणि वरच्या स्प्रिंगचे वेढे एकमेकांना न टेकता मध्ये उजेड दिसतोय. चांगल्या स्प्रिंगचे वेढे मोकळी असताना घट्ट मिटलेले असतात. व्हील सिलिंडर कोरडा, रबरी टोप्यांखाली गळती नाही. हाऊजिंगच्या सीलमधूनही तेल आलेलं नाही.

आता हँडब्रेकचा लिव्हर. मागच्या शूला पिनवर बसलेली ही पट्टी हँडब्रेक सोडल्यावर शूच्या टेकणीवर जाऊन बसायला हवी. ती बसत नव्हती. टेकणी आणि लिव्हरमध्ये नखभर फट. केबल टोकापासून सोडवली तरी फट तशीच, म्हणजे पिनच गंजून धरलेली. केबलही आतून गंजलेली, ओढली तर जाते, परत येत नाही. चॅसीखाली केबलच्या समतोलाच्या पट्टीवर पाहिलं, तर नट शेवटच्या आट्यापर्यंत आवळलेला.

हा प्रकार फार दिसतो. लायनर झिजले, पेडल खाली गेलं, तर चाकातला अड्जस्टर फिरवायचा सोडून लोक हँडब्रेकची केबल आवळतात. पेडल वर येतं, गिऱ्हाईक खूश. पण त्यामुळे शू कायम अर्धवट उघडा राहतो आणि आपोआप चालणारा अड्जस्टरही काम करेनासा होतो. खरा ताण ड्रममध्ये, आणि हँडब्रेकचा लिव्हर दोन टिचक्यांत वर येतो म्हणून आपण म्हणतो, वा, काय घट्ट आहे.

शेवटचं सापडलं ते बोटाने. बॅकप्लेटवर शूची कड सरकण्यासाठी उचललेल्या टेकण्या असतात. त्यांच्यावरून बोट फिरवलं तर दोन टेकण्यांत खाच पडलेली, नख अडकेल इतकी. शू बाहेर जाताना खाचेतून वर चढतो, परत येताना खाचेच्या काठाला अडतो. स्प्रिंग नवी टाकली तरी इथे अडणार. गॅरेजमध्ये लायनर बदलताना ही जागा कुणी पाहत नाही, कारण ती विकत मिळत नाही.

१४ एप्रिल, सोमवार

आंबेडकर जयंती. दीक्षाभूमीकडचा रस्ता सकाळपासून निळ्या झेंड्यांनी भरलेला, लेथवालाही सुट्टीवर. मी शेडमध्ये बॅकप्लेट घेऊन बसलो.

हे काम माझ्या हातचं. सिलिंडर आणि त्याचं रबर आधी काढलं. प्लेट गाडीवरच वेल्ड करायची असती तर बॅटरीच्या तारा काढल्या असत्या, पण ती सोडवून टेबलावर घेतली होती. खाचा एमरीने चमकेपर्यंत साफ केल्या, कमी अँपिअरवर छोटे छोटे टाके भरले, प्रत्येक टाक्यानंतर थांबलो. एका दमात भरलं तर पत्रा ओढला जातो आणि प्लेट वाकते. मग ग्राइंडर, मग फाईल. सहाही टेकण्या एका पातळीत आहेत का ते सरळ पट्टी ठेवून खालून उजेड येतो का पाहून तपासलं. शेवटी काचकागद.

हेल्परला फाईल दिली आणि बाहेर चहाला गेलो. परत आलो तर त्याने माझ्यापेक्षा सफाईदार केलं होतं.

१६ एप्रिल, बुधवार

ड्रम लेथवर चढवला. डावा दोन दशांश मिलिमीटर अंडाकार निघाला. तापलेल्या ड्रमवर हँडब्रेक ओढून गाडी उभी करायची सवय नडते. गार होताना ड्रम आकसतो, शू आतून दोन बाजूंनी रेटतात, आणि तो त्याच आकारात बसतो. हलका कट घेतला. व्यास ड्रमवर ओतीव अक्षरांत दिलेल्या कमाल मापाच्या आत राहिला. उजव्यालाही तेवढाच कट घेतला, दोन्ही बाजू सारख्या असाव्यात म्हणून.

नवं काय टाकलं: दोन्ही बाजूंच्या सगळ्या स्प्रिंगा, हँडब्रेकच्या दोन्ही केबली, डाव्याचे लायनर. एका बाजूचे बदलायचे नाहीत म्हणून उजव्याचेही. दिवाळीचे लायनर रद्दीत गेले. लिव्हरची पिन डिझेलमध्ये भिजवून, ठोकून, घासून मोकळी झाली. टेकण्यांवर ब्रेकचं खास ग्रीस, तांदळाएवढं. साधं चेसिस ग्रीस लावायचं नाही, ते वितळून लायनरवर येतं.

अड्जस्ट करताना वस्ताद शेजारी बसले. आधी हँडब्रेकची केबल पूर्ण सैल. मग चाकातला अड्जस्टर घासल्याचा हलका आवाज येईपर्यंत पुढे, मग आवाज जाईपर्यंत मागे. पेडल दणकून शू मधोमध बसवायचे आणि पुन्हा बघायचं. केबल सर्वांत शेवटी, आणि लिव्हर टेकणीवरून न हलता.

ड्रम गरम असताना मात्र अड्जस्टरला हात लावायचा नाही. बीड तापलं की फुगतं: २५० मिलिमीटरचा ड्रम २०० अंशांनी तापला की व्यास साधारण अर्धा मिलिमीटर वाढतो. पेडल खाली गेलेलं दिसतं, माणूस रस्त्यातच अड्जस्टर पुढे घेतो, आणि ड्रम गार होऊन आकसला की शू त्यात अडकलेले. पुढच्या फेरीला आणखी ताप.

२० एप्रिल, रविवार

तोच रस्ता. उजवा ५७, डावा ६०. हाताने ड्रम धरता येतो असं नाही, पण वास नाही, ओढा नाही. एक्सिलरेटर सोडला की गाडी सरकत राहते.

खाली पाहताना लोडच्या व्हॉल्व्हकडे लक्ष गेलं. त्याचा दांडा हाऊजिंगला जोडलेला असतो. गाडी भरली की मागून बसते, दांडा फिरतो आणि मागच्या ब्रेकला दाब जास्त मिळतो. रिकामी असेल तर कमी. इथे तो दांडा बाइंडिंग वायरने वर बांधून ठेवलेला, म्हणजे गाडी कायम भरलेली समजायची. मागच्या स्प्रिंगेत एक जादा पाटा टाकला तेव्हा गाडी उंच झाली, दांडा कायम 'रिकामी' दाखवायला लागला, आणि कुणीतरी हा तोडगा काढला असणार. ड्रम जाम व्हायला हे कारण नव्हतं. पण रिकाम्या गाडीत प्रत्येक ब्रेकचा मोठा वाटा मागच्या ड्रमवर पडतो, आणि पहिल्या पावसात ओल्या डांबरावर मागची चाकं आधी लॉक होऊन गाडी आडवी फिरते. वायर कापली. जादा पाटा काढला. आम्ही कूलर नेतो, कूलरच्या आत हवा असते.

२६ एप्रिल, शनिवार

खरी परीक्षा सिल्लेवानी घाटाची. छिंदवाड्याला कूलर उतरवले आणि परतीला ओळखीच्या व्यापाऱ्याची मक्याची पोती भरली, साधारण नऊशे किलो. छिंदवाडा समुद्रसपाटीपासून ६७५ मीटरच्या आसपास, नागपूर ३१०. गाडी मालासकट २,६०० किलो धरली तर एवढं उतरताना ९० लाख ज्यूलच्या वर उष्णता कुठेतरी जायलाच हवी. इंजिन, वारा आणि टायर खातील तेवढं खातील, उरलेलं ब्रेकच्या वाट्याला.

घाट दुसऱ्या गिअरमध्ये उतरलो. पाय ब्रेकवर ठेवून राहायचं नाही: वेग वाढला की ठाम दाबायचा, कमी झाला की पूर्ण सोडायचा. मागे एक ट्रक हॉर्न देत होता, देऊ दिला. खाली सपाटीला थांबलो, हँडब्रेक न ओढता गिअरमध्ये ठेवून चाकाला दगड लावला आणि मोजलं.

पुढच्या डिस्क १८८ आणि १९१. डावा मागचा १४२, उजवा १३९.

घाटानंतर ड्रम गरम असणारच, त्याचं काही नाही. मला दोन गोष्टी पाहायच्या होत्या. डावा-उजवा सारखे, आणि पुढचे मागच्यांपेक्षा गरम. दोन्ही मिळाल्या. सौंसरला चहा घेऊन परत मोजलं तेव्हा दोन्ही ड्रम ८० च्या खाली उतरलेले, चालत्या गाडीत गार होत आलेले. ओढा असता तर उतरले नसते. पेडलची उंची वर आणि खाली सारखीच.

३ मे, शनिवार

आठवडाभर रोजचं काम करून ड्रम पुन्हा उघडले. लायनर पूर्ण रुंदीला सारखे टेकतायत, टेकण्यांवर शू सरकल्याच्या बारीक रेघा, खाच नाही. लिव्हर दोन्हीकडे टेकणीवर. हँडब्रेक आता सहा टिचक्यांत धरतो. बायकोने गाडी चालवून पाहिली आणि हँडब्रेक बिघडवला का विचारलं. आधी दोन टिचक्यांची सवय.

बाकी राहिलेलं: लोडच्या व्हॉल्व्हच्या दांड्याची लांबी पुढे-मागे दोन गेज लावून दाब बघत बसवायची. तशी गेज असलेल्या वर्कशॉपची वेळ घेतली आहे, तोवर दांडा मूळ खुणेवर. पुढचे दोन्ही होज मागच्याइतकेच जुने, बाहेरून तसेच चांगले दिसणारे. तेही आणून ठेवलेत, उद्या बदलतो. वस्ताद येतो म्हणालेत.